नोकरीच्या अटीची शिष्यवृत्ती : अमेरिकेतील ज्यू समाजाची पद्धत

कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राईल आपल्याला परके नाहीत. त्यांच्यातील हईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत इस्राएली शाळा काढली. पुढे ती सर एली कदूरी शाळा म्हणून ओळखली जाऊ लागली. कर्त्या माणसांनी पुढाकार घ्यावा आणि संस्था उभी करावी, ही रीत सर्वच समाजांत आहे. पण उभी राहिलेली संस्था पिढ्यान् पिढ्या चालवायची कोणी? अमेरिकेतील ज्यू समाजाने यावर जो एक मार्ग काढला, त्याची ही माहिती.

पार्श्वभूमी

बाल्टिमोर शहरात १८५४ मध्ये ज्यू तरुणांचे मंडळ निघाले. तशा मंडळांतूनच आजची ज्यू समाजकेंद्रे वाढली. १८९५ मध्ये बॉस्टनमधील ज्यू धर्मादाय संस्थांनी एकत्र येऊन फेडरेशन स्थापन केले. वर्गणी एकत्र गोळा करायची आणि गरजेप्रमाणे संस्थांना वाटायची, हे फेडरेशनचे मुख्य काम. आज उत्तर अमेरिकेत अशी शंभराहून अधिक फेडरेशने आहेत.

वृद्धांची देखभाल, शिक्षण, स्थलांतरितांना मदत असा व्याप वाढला, तेव्हा फावल्या वेळात काम करणारे कार्यकर्ते पुरेनात. शिकलेली पगारी माणसे लागू लागली. त्यासाठी खास अभ्यासक्रम निघाले : न्यूयॉर्कच्या येशिवा विद्यापीठात १९५७ मध्ये वुर्झवायलर समाजकार्य विद्यालय, हिब्रू युनियन कॉलेजच्या लॉस एंजेलिस शाखेत १९६८ मध्ये, तर ब्रँडाइस विद्यापीठात १९६९ मध्ये हॉर्नस्टीन अभ्यासक्रम. समाजकार्य किंवा व्यवस्थापन आणि त्याच्या जोडीला ज्यू इतिहास व परंपरा, असे साधारण त्यांचे स्वरूप.

शिष्यवृत्तीची गरज आणि अट

अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षण महाग आहे. डोक्यावर शैक्षणिक कर्ज घेऊन बाहेर पडलेला विद्यार्थी साहजिकच जास्त पगाराची नोकरी बघतो, आणि समाजसंस्था रिकाम्या हाताने राहतात. म्हणून फेडरेशनांनी ‘फेरेप’ या नावाची योजना चालवली. विद्यार्थ्याला शिक्षणासाठी पैसे द्यायचे आणि त्याने पदवीनंतर ठरावीक काळ एखाद्या फेडरेशनमध्ये पूर्णवेळ नोकरी करायची, असा तो करार. समाजकेंद्रांच्या मध्यवर्ती संस्थेनेही याच धर्तीवर, समाजकेंद्रात काम करण्याच्या अटीवर, शिष्यवृत्त्या दिल्या आहेत. नोकरी पगारी असते. अट फक्त ती कुठे करायची याची.

सही करण्यापूर्वी

कोणत्याही अशा करारात पुढील गोष्टी वाचून घ्याव्यात :

• नोकरी किती वर्षे आणि कोणत्या संस्थांत चालेल?
• नोकरी संस्था देणार की उमेदवाराने शोधायची? दुसऱ्या शहरात जावे लागेल का?
• मुदतीत जागाच मिळाली नाही तर काय?
• अट मोडल्यास पूर्ण रक्कम परत करायची की उरलेल्या काळापुरती? व्याज लागेल का?
• आजारपण, बाळंतपण किंवा पुढील शिक्षण यासाठी सवलत आहे का?

बँकेत कर्जाचे कागद तपासताना एक दिसले, की रक्कम सगळे वाचतात, परतफेडीचे कलम फार थोडे. अशा शिष्यवृत्तीत परतफेड आयुष्याच्या उमेदीच्या वर्षांनी होते, म्हणून ते कलम आधी वाचावे.

आपल्यासाठी

आपल्या मंडळांत गुणवंत मुलांना बक्षीस देऊन पाठ थोपटतो. मूल पुण्या-बंगळूरला निघून जाते आणि मंडळाचे कुलूप उघडायला पुन्हा आपण निवृत्त मंडळीच येतो. त्या समाजाने शिष्यवृत्ती देतानाच उद्याच्या चालकाची सोय पाहिली. तेवढा पैसा आपल्याकडे नसेल. तरी वाचनालय किंवा मराठी वर्ग सांभाळण्यासाठी वर्षभराच्या मानधनाची एक जागा ठेवून सुरुवात करता येईल. सभासदांनी यावर जरूर विचार करावा.