कोल्हापूरची वसतिगृहे : चुरशीतून घडलेला सहवास

दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाजाच्या शैक्षणिक प्रगतीचा विचार करताना शाळा आणि महाविद्यालये यांच्याइतकेच महत्त्व वसतिगृहांना द्यावे लागते. खेड्यातील शेतकऱ्याच्या मुलाला शहरातील शाळेचे दार उघडे असूनही उपयोग नव्हता. रात्री पाठ टेकायला जागा आणि दोन वेळच्या जेवणाची सोय नसेल, तर ते दार त्याच्यासाठी बंदच होते. ही अडचण ज्यांनी ओळखली आणि दूर केली, त्या पिढीचा इतिहास म्हणजे कोल्हापूरच्या ‘बोर्डिंगां’चा इतिहास होय. या वसतिगृहांनी विद्यार्थी घडवले, तसाच एकमेकांशी चुरस करीत एकत्र नांदण्याचा एक संस्कारही घडवला. त्या संस्काराच्या मर्यादा कोठे होत्या आणि त्या कोणी ओलांडल्या, हेही त्याच इतिहासात नोंदले गेले आहे.

वसतिगृहांची जननी

राजर्षी शाहू महाराजांनी १८९४ मध्ये राज्यकारभार हाती घेतला तेव्हा कोल्हापुरात राजाराम महाविद्यालय उभे होते. १८८० मध्ये तेथे महाविद्यालयीन वर्ग सुरू झाले होते आणि विद्यार्थी मुंबई विद्यापीठाच्या परीक्षांना बसत. तथापि खेड्यातून आलेल्या बहुजन समाजातील मुलांची संख्या अत्यल्प होती. सर्व जातींच्या मुलांनी एकाच वसतिगृहात राहावे, असा प्रयत्न महाराजांनी प्रथम करून पाहिला. परंतु त्या काळच्या सोवळ्याओवळ्याच्या वातावरणात ब्राह्मणेतर मुले तेथे टिकेनात. तेव्हा महाराजांनी दुसरा मार्ग धरला. प्रत्येक समाजाने आपल्या मुलांसाठी वसतिगृह काढावे, संस्थानाने जागा, इमारत व वार्षिक अनुदान यांची मदत द्यावी, असे धोरण आखले गेले.

१८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंगची स्थापना झाली. १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग आले. त्याच्या मोहामेडन एज्युकेशन सोसायटीचे अध्यक्षपद स्वतः महाराजांनी स्वीकारले होते. १९०७ मध्ये वीरशैव लिंगायत वसतिगृह निघाले. १९०८ या एकाच वर्षात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीचे मिस क्लार्क बोर्डिंग, दैवज्ञ बोर्डिंग आणि शिंपी समाजाचे नामदेव बोर्डिंग उभे राहिले. पुढे सारस्वत, ख्रिस्ती, कायस्थ प्रभू, वैश्य, नाभिक अशा अनेक समाजांची वसतिगृहे निघाली. १९२२ मध्ये महाराजांचे निधन झाले, तोपर्यंत ही संख्या विसाच्या पुढे गेली होती. कोल्हापूरला ‘वसतिगृहांची जननी’ म्हटले जाते ते यामुळेच.

या सनावळीकडे बारकाईने पाहिले असता चुरशीचे पहिले रूप दिसते. शेजारच्या समाजाची इमारत उभी राहिली की आपल्या समाजाची का नाही, हा प्रश्न पंचांच्या बैठकीत उपस्थित होणे स्वाभाविक होते. महाराजांनी हा स्वाभिमान जाणला आणि त्याला विधायक वळण लावले. एरवी मानपानात खर्च होणारी ईर्ष्या विद्यादानाच्या कामी आली. देवालयाला आणि लग्नकार्याला सढळ हाताने खर्च करणारे हात विद्यार्थ्यांच्या भोजनखर्चासाठीही पुढे येऊ लागले.

जैन बोर्डिंगातील जीवन

जैन बोर्डिंगमागे एका व्यापक चळवळीचे बळ होते. १८९९ मध्ये स्तवनिधी येथे दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली. शिक्षणप्रसार हे सभेचे एक प्रमुख कार्य ठरले. मुंबईचे दानशूर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी ठिकठिकाणी जैन वसतिगृहे निघावीत म्हणून केलेले प्रयत्न सर्वश्रुत आहेत. सभेने कोल्हापूरखेरीज सांगली, बेळगाव, हुबळी येथेही वसतिगृहांचे जाळे विणले.

कोल्हापूरच्या बोर्डिंगात येणारी बहुतेक मुले शेतकरी कुटुंबांतील होती. कोणाच्या घरची भाषा मराठी, तर कोणाच्या घरची कानडी. चतुर्थ, पंचम, कासार, शेतवाळ असे पोटभेदही समाजात बळकट होते. बेटीव्यवहार तर दूरच राहिला होता. अशा मुलांनी एका छताखाली राहणे, एका पंगतीला बसणे, एकाच वेळी दर्शन-पूजन करणे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. सभेच्या व्यासपीठावरून ऐक्याचे ठराव होत, परंतु त्या ठरावांची खरी परीक्षा वसतिगृहाच्या भोजनगृहात होई.

स्वतंत्र वसतिगृहाची गरज आचारधर्माच्या दृष्टीनेही होती. सूर्यास्तापूर्वी भोजन, गाळलेले पाणी, कंदमुळे वर्ज्य, पर्वतिथींचे उपवास हे नियम परक्या खाणावळीत पाळणे कठीण. घरचा आचार न मोडता मुलाला इंग्रजी शिक्षण मिळेल, ही हमी मिळाल्यावरच अनेक वडीलधाऱ्यांनी मुलांना गावाबाहेर पाठवले.

भोजन वेगळे असले तरी वर्ग एकच होता. मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान अशा निरनिराळ्या बोर्डिंगांतील मुले राजाराम हायस्कूल व राजाराम महाविद्यालय येथे एकाच बाकावर बसत. निकाल एकाच फलकावर लागत असत, आणि त्या फलकावर आपल्या बोर्डिंगची किती नावे आहेत हे पाहण्याची उत्सुकता केवळ विद्यार्थ्यांपुरती राहत नसे. शहरभर तालमींचे वातावरण होते. १९१२ मध्ये खासबाग मैदान तयार झाल्यावर कुस्तीची गोडी अधिकच वाढली. समोरच्या मल्लाला चीत करायचे आणि मग त्याच्याच हातात हात द्यायचा, ही कोल्हापूरच्या मातीची रीत होती. बोर्डिंगांच्या स्पर्धेलाही तीच रीत शोभणारी होती.

याच महाविद्यालयात पुढे डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांनी १९३० पासून तीन दशके अर्धमागधीचे अध्यापन केले. सदलग्यासारख्या कानडी मुलखातील गावातून आलेल्या या विद्वानाने प्राकृत आणि जैन वाङ्मयाच्या संशोधनात जागतिक कीर्ती मिळवली. खेड्यातील मुलाला शहरात शिकण्याची संधी मिळाली तर तो कोठवर जाऊ शकतो, याचे हे एक उज्ज्वल उदाहरण होय.

एका स्नानाचा प्रश्न

जैन बोर्डिंगची सूत्रे ज्यांच्या हाती होती, त्या अण्णासाहेब लठ्ठे यांचे व्यक्तिमत्त्व मोठे होते. १८७८ मध्ये कुरुंदवाड येथे जन्मलेले लठ्ठे राजाराम महाविद्यालयात इंग्रजीचे प्राध्यापक होते, दक्षिण महाराष्ट्र जैन सभेचे आधारस्तंभ होते आणि ब्राह्मणेतर चळवळीतील एक विचारवंत होते. शिस्तीच्या बाबतीत ते कठोर होते.

त्यांच्याच देखरेखीखाली कुंभोज येथे १८८७ मध्ये जन्मलेला भाऊराव पायगोंडा पाटील हा विद्यार्थी राहत होता. अभ्यासापेक्षा कुस्ती आणि मित्रमंडळी यांत त्याचे मन अधिक रमे. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला तो उपस्थित राहिला. परत आल्यावर स्नान करूनच भोजनगृहात प्रवेश करावा, असे त्याला सांगण्यात आले. अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहात जाऊन आल्याने आपण अपवित्र झालो, हे त्याला मान्य नव्हते. त्याने स्नानास नकार दिला. वाद वाढला आणि भाऊरावांना बोर्डिंग सोडावे लागले. त्यांच्या चरित्रकारांनी हा प्रसंग आवर्जून नोंदवला आहे.

समाजाच्या इतिहासाने हा प्रसंग झाकून ठेवू नये. पोटभेद विसरून एका पंगतीला बसण्याची शिकवण ज्या भोजनगृहाने दिली, त्याच भोजनगृहाचा उंबरठा एका प्रश्नापाशी अडला. नियम करणारे अज्ञानी नव्हते. त्या काळातील सर्वांत पुरोगामी मंडळींत त्यांची गणना होत होती. मुलांचा आचार बिघडला अशी हाकाटी झाली तर पालक मुलांना परत नेतील, ही भीती संस्थाचालकांना असणार. तरीही त्या दिवशी न्यायाची बाजू नियमाकडे नव्हती, ती नियम मोडणाऱ्या विद्यार्थ्याकडे होती, हे आज मान्य करावेच लागते.

वैर नव्हे, मतभेद

या कथेचा पुढचा भाग अधिक उद्बोधक आहे. १९१४ मध्ये कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्याच्या पुतळ्याला डांबर फासण्याचा प्रकार घडला. त्या प्रकरणात लठ्ठे यांच्यावर संशय घेण्यात आला. त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आले. ज्यांनी आपल्याला बोर्डिंगातून काढले त्यांच्यावर सूड उगवण्याची याहून सोपी संधी मिळाली नसती. परंतु भाऊरावांनी खोटी साक्ष देण्यास साफ नकार दिला. त्यासाठी त्यांनी तुरुंगवास आणि छळ सोसला, पण लठ्ठे यांच्याविरुद्ध असत्य बोलले नाहीत.

लठ्ठे यांचे वर्तनही याच तोलाचे ठरले. या प्रकरणाने महाराज आणि लठ्ठे यांच्यात अंतर पडले होते. असे असूनही महाराजांच्या निधनानंतर १९२४ मध्ये त्यांचे इंग्रजी चरित्र लिहून प्रसिद्ध केले ते लठ्ठे यांनीच. पुढे ते कोल्हापूरचे दिवाण झाले आणि १९३७ मध्ये मुंबई प्रांताच्या पहिल्या काँग्रेस मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले. मतभेद असावेत, पण ते सत्याच्या आणि कृतज्ञतेच्या आड येऊ नयेत, हा धडा या दोन्ही पुरुषांनी आपल्या आचरणातून घालून दिला. अनेकान्ताचा सिद्धान्त व्याख्यानात सांगणे सोपे. तो जगणे अवघड. त्यांनी तो जगून दाखवला.

एकाच चुलीचे वसतिगृह

भाऊरावांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये संस्थेचे कार्यालय साताऱ्यास आले. तेथील वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहू लागली, एकाच चुलीवरचे अन्न स्वतः रांधून खाऊ लागली. मुलांच्या भोजनासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने, अखेरीस मंगळसूत्रही दिले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. शाहू महाराजांनी प्रथम करून पाहिलेला आणि काळाने हाणून पाडलेला प्रयोग त्यांच्याच नावाच्या वास्तूत सिद्धीस गेला. १९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले आणि ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व उच्च शिक्षणातही रुजले.

जैन बोर्डिंगातून बाहेर पडलेला विद्यार्थी अशा रीतीने त्याच बोर्डिंगच्या मूळ हेतूला पूर्णत्व देता झाला. एका अर्थी ही सर्वांत मोठी चुरस म्हणावी लागेल. आपल्याला नाकारणाऱ्या वसतिगृहाहून अधिक विशाल वसतिगृह उभे करणे, हे त्या नकाराला दिलेले विधायक उत्तर होते.

कोल्हापूरच्या दसरा चौकाच्या परिसरात आजही जैन बोर्डिंग आणि मुस्लिम बोर्डिंग यांच्या वास्तू शेजारधर्म सांभाळीत उभ्या आहेत. समाजाने आपल्या मुलांसाठी दार उघडावे, हे पहिल्या पिढीने शिकवले. ते दार इतरांसाठी बंद होऊ नये, हे दुसऱ्या पिढीने शिकवले. विद्यादानाचे कार्य करणाऱ्या प्रत्येक विश्वस्त संस्थेने या दोन्ही शिकवणी एकत्र जपल्या, तरच पूर्वसुरींच्या श्रमांचे सार्थक होईल.