पांगाऱ्याची वाटी



फाल्गुन-चैत्रात महाडहून पोलादपूरकडे निघालो की कुंपणाकुंपणातून पांगारा फुललेला दिसतो. अंगावर पान नाही, पण फांदीच्या टोकाला तांबड्या फुलांचे घोस आणि त्यांवर साळुंक्या-कावळ्यांची झुंबड. पाहणारा क्षणभर थांबतो आणि पुढे जातो. या झाडाचे करायचे काय, असे विचाराल तर आमच्याकडचा शेतकरी सांगेल की कुंपणाला खुंट म्हणून रोवावा, पानवेल किंवा मिरवेल त्यावर चढवावी. बाकी काही नाही. लाकूड मऊ, हलके, भुसभुशीत. त्याचे वासे होत नाहीत, नांगर होत नाही, आणि चुलीत घातले तर धगही धरत नाही. शिवाय काटे. अशा या बिनकामाच्या झाडाचा इतिहास सांगण्यासाठी आज आम्ही आपल्यासमोर उभे आहोत.

आम्ही इतिहासाचे पदवीधर नव्हे. आमचे गाव पोलादपूर तालुक्यात. वडील मुंबईला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि वडील गावी आले ते कायमचेच. त्याच वर्षी आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. कामगाराच्या हाताचा हिशेब मांडणे हा आमचा धंदा. म्हणून झाडाकडेही आम्ही त्याच नजरेने पाहतो. झाड कोणाचे, त्यावर हात कोणाचा, आणि दाम कोणाला?

आपल्या सह्याद्रीत झाडांची प्रतवारी फार जुनी आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी ताकीद आहे. साग वगैरे लागेल तो हुजूरच्या परवानगीने तोडावा. आंबा-फणस उपयोगी खरे, पण रयतेने ती झाडे लेकरासारखी वाढवलेली असतात, म्हणून धन्याला राजी केल्यावाचून त्यांना हात लावू नये. धोरण शहाणपणाचे होते, यात शंका नाही. पुढे इंग्रज सरकारने १८७८ चा वन कायदा आणला आणि राखीव रानात कुऱ्हाड नेणारा गुन्हेगार ठरू लागला. गावात खोत होताच. खोती रद्द करणारा कायदा व्हायला १९४९ साल उजाडावे लागले. स्वराज्यातही १९६४ साली झाडे तोडण्यावर नियमन आले. त्याच्या अनुसूचीत साग, खैर, हिरडा, आंबा, फणस, ऐन, किंजळ अशी मानाची झाडे बसली. पांगारा त्या यादीत नाही. राजाला तो नको होता, साहेबाला नको होता, कायद्यालाही नको होता. म्हणूनच ज्याच्याजवळ जमीन नाही, सनद नाही, अशा कारागिराच्या तो वाट्याला येऊ शकला.

हा कारागीर कोठे भेटतो? आपल्या पोलादपूरवरून जाणारा मुंबई-गोवा रस्ता धरून दक्षिणेकडे निघावे आणि सावंतवाडीला उतरावे. तिथल्या चितारआळीतली लाकडी खेळणी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. आंबा, केळे, वांगे, सीताफळ अशी हुबेहूब फळे-भाज्या, भातुकलीची भांडी, कुंकवाचे करंडे, झाकणाच्या डब्या. यांतल्या बऱ्याच वस्तूंचे परंपरेचे लाकूड म्हणजे पांगारा. ज्या गुणांमुळे सुताराने त्याला नाकारले, तेच गुण कातारकामाला सोयीचे ठरले. मऊ आहे म्हणून हत्याराखाली लोण्यासारखे सुटते. हलके आहे म्हणून लेकराच्या हातात शोभते. फिके आहे म्हणून रंग खुलून दिसतो.

जुनी रीत अशी. दोन खुंटांच्या मध्ये लाकडाचा ठोकळा अडकवायचा, त्याला दोरीचा वेढा द्यायचा. एकाने दोरीची दोन्ही टोके आळीपाळीने ओढायची. ठोकळा एकदा इकडे, एकदा तिकडे गरगर फिरतो. दुसऱ्याने पटाशी टेकवून आकार काढायचा. वाटी करायची तर बाहेरून गोलाई घेतल्यावर वाकड्या टोकाच्या हत्याराने आतला गर काढायचा. मग लाखेची रंगीत कांडी फिरत्या लाकडावर दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि अंगभर बसते. लाखकाम करणारे कारागीर त्यावर केवड्याचे पान दाबून झिलई आणतात.

वाटी पातळ का कातायची? नजाकतीसाठी, असे आम्हाला प्रथम वाटले होते. चितारआळीत एका वृद्ध कारागिरासमोर बसलो तेव्हा त्यांनी आमची समजूत दुरुस्त केली. "दादा, लाकूड वाळताना आकसते. कड जाड ठेवली तर बाहेरचे आधी वाळते, आतले मागे राहते, आणि ओढाताणीत चीर पडते. सगळीकडून सारखी पातळ ठेवली तर सगळी एकदम वाळते. थोडी वाकडी होईल, पण फुटणार नाही." आमच्या आजीची भाकरी मळायची काठवट चांगली जाड होती आणि तिच्या काठाला मोठी चीर होती. ती चीर वयाने पडली असे आम्ही लहानपणापासून समजत होतो!

आता थोडे महाडचे बोलू. कारण या गावात भांड्याचा आणि हाताचा प्रश्न निराळ्याच रीतीने इतिहासात नोंदला गेला आहे. मनुस्मृतीत एके ठिकाणी कारागिराचा हात सदैव शुद्ध मानला आहे. लाकडी भांडे विटाळले तर तासून शुद्ध करावे, असेही सांगितले आहे. आणि त्याच ग्रंथात दुसरीकडे, ज्यांचे अन्न खाऊ नये अशांच्या यादीत सुतार घातला आहे. म्हणजे त्याच्या हातची वाटी घरात चालते, पण त्याच्या घरी त्या वाटीतले अन्न चालत नाही! हाताचे काम हवे आणि माणूस नको, हा हिशेब इतका जुना आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच महाडात चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला तो ग्रंथ येथे जाळला गेला. त्या परिषदेच्या उभारणीत याच तालुक्यातल्या लाडवलीत जन्मलेले रा. बा. मोरे होते, तेच पुढे मुंबईच्या कामगार चळवळीत आयुष्यभर राबले. पाण्याचा हक्क आणि मजुरीचा हक्क ही एकाच लढ्याची दोन टोके आहेत, हे आम्ही त्यांच्या चरित्रावरून शिकलो.

तो हिशेब आजही मिटलेला नाही. कातारकाम हे दोघांचे काम होते. पटाशी धरणाऱ्याला कारागीर म्हटले गेले; दोरी ओढणारे, बहुधा घरचेच माणूस, कशातच मोजले गेले नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने विजेवर दहा किंवा विजेशिवाय वीस कामगार असतील तेथे कारखाना मानला. घरच्या ओसरीवर दोन माणसे. त्यांना कोण विचारणार? आता दोरी गेली, मोटर आली. आम्ही गेलो त्या घरात वाटी घासणे, रंग देणे, कागदात गुंडाळणे हे सारे काम बायकाच करीत होत्या. १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कारागिरांसाठी विश्वकर्मा योजना सुरू केली. अठरा धंद्यांत खेळणी करणारेही आले, ही चांगली गोष्ट झाली. परंतु एका कुटुंबातून एकाच व्यक्तीची नोंद, अशी त्यात अट आहे. दोरी ओढणारीचा हात पुन्हा एकदा यादीबाहेर राहिला.

झाडाचीही गत तीच. बिनकामाचा म्हणून पांगारा कोणी मुद्दाम लावला नाही, आणि दगडी गडग्याच्या जागी तारेचे कुंपण आले तेव्हा उपटताना कोणी हळहळलेही नाही. आज सावंतवाडीचा कारागीर पांगारा सहज मिळत नाही म्हणतो आणि आंब्याच्या लाकडाकडे वळतो. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाखेची खेळणी ज्या लाकडाची, ते झाडही आपल्या डोंगरात वाढते. आपण त्याला काळा कुडा म्हणतो आणि सरपणात टाकतो. जपानात डोंगरोडोंगरी हिंडून लाकडी वाट्या कातणारे किजिशी नावाचे कारागीर होते. कोरेताका या राजपुत्राला ते आपला मूळ गुरू मानीत आणि डोंगरातली झाडे तोडण्याचा हक्क सांगणारे कागद जिवापाड जपत. त्यांना कळले होते की हुन्नर हातात असला तरी झाडावर हक्क नसेल तर पोट भरत नाही.

आमचे म्हणणे एवढेच आहे. पांगाऱ्याची फांदी पावसाच्या तोंडावर जमिनीत रोवली की रुजते. त्याला खत नको, रोपवाटिका नको. पोलादपूरच्या बांधांवर ती रोवणे आपल्या हातात आहे. पण केवळ झाडे लावून भागणार नाही. उद्या त्या लाकडाला भाव आला, तर तो बांधाच्या धन्याला किती, दलालाला किती, पटाशी धरणाऱ्याला किती आणि रंग देणारीला किती, हे आधी ठरले पाहिजे आणि कागदावर आले पाहिजे. आमच्या वडिलांच्या गिरणीत ते वेळेवर ठरले नाही. त्याची किंमत आमच्या घराने आणि या खोऱ्यातल्या अनेक घरांनी मोजली.

येत्या चैत्रात पांगारा पुन्हा फुलेल. त्या वेळी आपण क्षणभर थांबाल तेव्हा फुलांबरोबर खालच्या खोडाकडेही पाहावे, इतकीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.