पक्ष, साध्य आणि कंसातलं कारण

नवीन जालन्यात शेजारची नववीतली मुलगी संध्याकाळी भूमितीची वही घेऊन येते. परवा समद्विभुज त्रिकोणाचं प्रमेय होतं. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता अशा ओळी टाकून तिने शिरोकोनाचा दुभाजक काढला, 'बाकोबा' (बाजू-कोन-बाजू) कसोटीने दोन त्रिकोण एकरूप केले आणि थांबली. "काका, पायाचे कोन सारखेच दिसतायत की. मग एवढं लिहायचं कशाला?"

हेच प्रमेय इ.स.पू. 300 च्या सुमारास युक्लिडने आपल्या ग्रंथात पहिल्या खंडात पाचवं ठेवलं. त्याने दुभाजक काढला नाही, दोन्ही बाजू पायाखाली वाढवल्या. कोन दुभागायची रीत त्याच्याकडे नवव्या क्रमांकावर येते आणि तिचा आधार फिरून पाचव्यावरच जातो. जे अजून सिद्ध झालं नाही ते वापरायचं नाही, ही शिस्त मला आकृतीपेक्षाही देखणी वाटते.

तो ग्रंथ अरबीत गेला. तेराव्या शतकात नासिरुद्दीन तुसीने त्याची नवी अरबी मांडणी केली. अठराव्या शतकात राजा सवाई जयसिंगासाठी जगन्नाथ सम्राट या पंडिताने अरबीवरून तो संस्कृतात आणला, 'रेखागणित' या नावाने. 1901-02 मध्ये ते मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत छापलं गेलं.

आमच्या जालन्यात, कुंडलिका नदीकाठी, मात्र वाट निराळी होती. 1948 पर्यंत इथे निजामाचं राज्य, वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूतून. इथली जुनी पिढी त्रिकोणाला मुसल्लस म्हणायला शिकली, कोनाला जाविया. भूमितीच्या विषयालाच उर्दूत उक्लिदस म्हणत, म्हणजे युक्लिडचंच नाव! 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला.

आजच्या मराठी वहीतले 'पक्ष' आणि 'साध्य' हे शब्द मात्र न्यायशास्त्रातले, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रातले. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. यात डोंगर हा पक्ष, अग्नी साध्य, धूर हेतू. भूमितीत पक्षाचा अर्थ सरकला, तो 'दिलेलं' झाला. हेतू सिद्धतेच्या ओळीपुढे, उजवीकडच्या कंसात, कारण म्हणून जाऊन बसला.

या कंसाचीच मला काळजी वाटते. परीक्षेत आता छापील सिद्धतेतल्या रिकाम्या चौकटी भरायच्या कृती असतात. घाबरणाऱ्या मुलांना त्यांचा आधार होतो, हे खरं. पण पहिली ओळ कुठून सुरू करायची आणि दुभाजक सुचतो कसा, हे चौकटी भरून येत नाही. त्याला कोरं पानच लागतं.

म्हणून मी तिला कोऱ्या पानावर मुद्दाम वेडावाकडा त्रिकोण काढून दिला. एक बाजू उघड लांब, पण दोन्ही बाजूंवर एकरूपतेच्या सारख्या खुणा. "आता दिसतायत कोन सारखे?" तिने मान हलवली. मग पट्टी बाजूला ठेवून तिने पुन्हा पक्षापासून सुरुवात केली आणि शेवटच्या ओळीपुढे, कंसात, सावकाश लिहिलं: एकरूप त्रिकोणांचे संगत कोन.