टोळे, शुभा

टोळे, शुभा : (जन्म १९६७). मेंदूच्या जडणघडणीचा अभ्यास करणाऱ्या भारतीय मेंदूशास्त्रज्ञ. नव्या आठवणी तयार होण्यासाठी मेंदूतला हिपोकॅम्पस हा भाग लागतो. तो गर्भावस्थेत नेमका त्याच जागी का तयार होतो, याचे ठोस उत्तर त्यांच्या संशोधनातून मिळाले. जन्म मुंबईचा. सेंट झेवियर्स महाविद्यालयात जीवविज्ञान व जीवरसायन शिकून त्या अमेरिकेत कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत पीएच.डी. झाल्या. पुढे शिकागो विद्यापीठात एलिझाबेथ ग्रोव्ह यांच्या प्रयोगशाळेत काम करून १९९९ मध्ये त्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाल्या.

हिपोकॅम्पसचे महत्त्व कळले ते एका शस्त्रक्रियेच्या अनपेक्षित परिणामातून. हेन्री मोलेसन या तरुणाला अपस्माराचे झटके येत. शल्यचिकित्सक विल्यम स्कोव्हिल यांनी १९५३ मध्ये त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिपोकॅम्पसचा बराच भाग व त्यालगतची ऊती काढली. झटके कमी झाले, पण त्यानंतर घडलेले काही त्याच्या लक्षात राहीना. नुकताच भेटून गेलेला माणूस पुन्हा समोर आला तर तो त्याला परकाच वाटे. बालपणातले मात्र आठवत असे. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली. त्याचा हात दिवसागणिक सुधारत गेला, आणि आपण हे पूर्वी केले आहे याचा त्याला पत्ताही नसे. स्मृती एकाच प्रकारची नसते आणि प्रसंगांच्या स्मृतीला हिपोकॅम्पस हवाच, हे तेव्हा स्पष्ट झाले. १९७३ मध्ये टिम ब्लिस व टेरिए लोमो यांनी सशाच्या हिपोकॅम्पसमध्ये आणखी एक गोष्ट दाखवली : थोडा वेळ जोरकस विद्युत्-उद्दीपन दिले, की न्यूरॉनांमधले (चेतापेशींमधले) जोड पुढे तासन्‌तास अधिक सक्षम राहतात. स्मृतिसंशोधनाची मोठी वाट तेव्हापासून या जोडांच्या दिशेने गेली आहे.

टोळे यांचा प्रश्न त्याच्याही आधीचा, आठवायला काहीच नसते त्या काळातला आहे. गर्भाच्या मेंदूत सुरुवातीला पेशींचा एक सलग पातळ स्तर असतो. त्यातला मोठा हिस्सा कॉर्टेक्स म्हणजे मेंदूचा बाह्यस्तर होतो आणि आतल्या बाजूची कड हिपोकॅम्पस होते. हे ठरवते कोण? शिकागोतील १९९७ च्या कामात उंदराच्या गर्भातला भावी हिपोकॅम्पस बाहेर काढून पोषकद्रवात वाढवला गेला. त्यात अजून कोणतेही उपभाग दिसत नव्हते, तरी ते तिथे आपापल्या जागी उमटले. म्हणजे सूचना त्याआधीच मिळून गेली होती. संशय स्तराच्या अगदी टोकावरच्या अरुंद पट्टीवर होता. ही पट्टी कॉर्टिकल हेम. तिच्या पेशी डब्ल्यूएनटी गटातली संदेशवाहक प्रथिने सोडतात. त्यांपैकी डब्ल्यूएनटी-३ए नसेल तर उंदरात हिपोकॅम्पस जवळजवळ तयारच होत नाही, हे २००० साली दिसले. त्या निबंधातही टोळे सहलेखिका होत्या.

पण एखाद्या गोष्टीवाचून काम अडते, एवढ्यावरून ती काम घडवून आणते असे म्हणता येत नाही. तो पुरावा २००८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आला. टोळे यांच्या मुंबईच्या गटाने कॅलिफोर्नियातील एडविन मोनुकी यांच्या गटाबरोबर केलेल्या या प्रयोगाची मांडणी फारच सुंदर आहे. एलएचएक्स-२ हे जनुक पूर्ण काढून टाकले तर हेम पसरते, पण सूचना ऐकणारा कॉर्टेक्सच उरत नाही आणि हिपोकॅम्पसही होत नाही. म्हणून संशोधकांनी ते जनुक स्तरातल्या काही पेशींतूनच काढले. आतल्या बाजूच्या अशा पेशींचे ठिपके हेम बनले आणि प्रत्येक ठिपक्याशेजारच्या निरोगी पेशी हिपोकॅम्पस होऊ लागल्या. एकाच मेंदूत, नको त्या जागी, अनेक हिपोकॅम्पस! हान्स श्पेमान आणि हिल्डे मांगोल्ड यांनी १९२४ मध्ये न्यूट या उभयचराच्या भ्रूणात शेजारच्या पेशींना घडण्याची दिशा देणारे जे ‘संघटक’ केंद्र दाखवले होते, तशाच प्रकारचे केंद्र हेमच्या रूपाने सस्तन प्राण्याच्या मेंदूत सापडले. एलएचएक्स-२ ची कामगिरीही उघड झाली : ते पेशीला कॉर्टेक्सची ओळख देते आणि हेम होण्यापासून रोखते. ओळख बदलण्याची ही मुभा थोडाच काळ असते. स्तरात केवळ मूळपेशी असतात तेव्हाच जनुक काढले तर पेशींची ओळख पालटते, नंतर नाही.

या जनुकाचे फळमाशीतले भावंड पंखांच्या घडणीसाठी ओळखले जाते. ते बिघडले की माशीला पंख येत नाहीत. माशीत मानवी एलएचएक्स-२ घातले तर ते ही उणीव भरून काढू शकते. उत्क्रांतीने एकच हत्यार पंखासाठीही वापरले आणि स्मृतीच्या अवयवासाठीही, ही जीवशास्त्रातली मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट वाटते.

एलएचएक्स-२ गर्भाच्या मेंदूत पुढेही काम करते. वाढत्या हिपोकॅम्पसमध्ये पेशींनी न्यूरॉन व्हायचे की त्यांना साथ देणाऱ्या तारकापेशी, याचा तोलही ते सांभाळते, असे टोळे यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवले. भीतीच्या आठवणींशी निगडित अमिग्डालाच्या घडणीवरही त्यांचे काम आहे.

आठवण प्रत्यक्ष साठते कशी, हा प्रश्न टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्याच बंगळूरू येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात हाताळला गेला आहे. तिथे उपिंदर भल्ला यांनी न्यूरॉनांतल्या रासायनिक संदेशजालांचा अभ्यास केला. सुमंत्र चटर्जी यांच्या गटाने २००२ मध्ये दाखवले, की दीर्घ ताणाने हिपोकॅम्पसमधल्या न्यूरॉनांच्या शाखा आखडतात, तर अमिग्डालातल्या वाढतात. 

टोळे यांना २०१० मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार आणि २०१४ मध्ये जीवविज्ञानासाठीचा इन्फोसिस पुरस्कार मिळाला.