पाऊस पडला तरच सुट्टी : एका खांद्याची किंमत

हेडफोन लावलेत? चला तर मग. ज्यांना ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी आजचा भाग नेहमीसारखा इथे लिहूनही ठेवलाय.

आज क्रिकेट नाही, बेसबॉल. घाबरू नका, नियमांचा तास घेणार नाही. एकच गोष्ट लक्षात ठेवा. क्रिकेटमध्ये बोलरने सहा चेंडू टाकले की ओव्हर संपते, बॉल दुसऱ्याकडे जातो. बेसबॉलमध्ये असं काही नाही. पिचर १८.४४ मीटरवरून फेकायला लागला की फेकतच राहतो. तो कधी थांबणार, हे मॅनेजर ठरवतो. आजची सगळी गोष्ट या एका प्रश्नाभोवती फिरते : हात एकाचा, पण थांबवायचं कोणी?

साल १९६१, जपानमधलं नागोया शहर. चुनिची ड्रॅगन्स या संघात हिरोशी गोंदो नावाचा २२ वर्षांचा नवा पिचर येतो. पहिलाच सीझन आणि पोरगा काय खेळतो! ३५ मॅच जिंकून देतो. संघाच्या १३० मॅचपैकी ६९ मध्ये तो पिचिंगला उतरतो. एकूण ४२९ इनिंगपेक्षा जास्त. बेसबॉलच्या एका इनिंगमध्ये तीन आउट, म्हणजे हिशोब करा : एका वर्षात जवळजवळ १,३०० आउट होईपर्यंत हा एकटा माणूस फेकत होता.

तेव्हा लोक गमतीने म्हणायचे की ड्रॅगन्सचं वेळापत्रक सोपं आहे. आज गोंदो, उद्या गोंदो, मग पाऊस, मग परत गोंदो. पाऊस पडला तरच त्याला सुट्टी.

पुढच्या वर्षी, १९६२ मध्ये, त्याने आणखी ३० मॅच जिंकल्या. आणि मग खांदा बोलायला लागला. १९६३ मध्ये १० विजय, १९६४ मध्ये ६. पुढे पिचिंग सोडून तो इनफिल्डर म्हणून खेळला. १९६८ मध्ये पुन्हा पिचिंगचा प्रयत्न केला, एक विजय मिळाला आणि करिअर संपलं. एकूण विजय ८२, त्यातले ६५ पहिल्या दोन वर्षांतले.

आता तुम्ही म्हणाल, कोणी अडवलं कसं नाही? कारण तेव्हाची समजूतच वेगळी होती. जपानी बेसबॉलमध्ये एक शब्द आहे, नागेकोमी. म्हणजे सरावात शेकडो पिच टाकायचे, अंग थकलं तरी टाकायचे. त्यामागचा विचार असा की फेकून फेकूनच खांदा तयार होतो आणि दमलेलं शरीर आपोआप योग्य पद्धत शिकतं. खांदा गार होऊ द्यायचा नाही, म्हणून पिचरला पोहायलासुद्धा मनाई असायची. दुखतंय? मग अजून फेक, मोकळा होईल!

यात थोडं तथ्य आहे बरं का. अजिबात न फेकणारा हातही तयार होत नाही. पण पिचिंग करताना खांद्यातून दंड आतल्या बाजूला वळतो तो वेग सेकंदाला सुमारे ७,००० अंश असतो. हा ताण कोपराच्या आतल्या बाजूच्या एका छोट्याशा लिगामेंटवरही येतो. व्यायामाने स्नायू वाढतो, लिगामेंट तसं वाढत नाही. आणि स्नायूसुद्धा वाढतो तो विश्रांतीत.

हे लिगामेंट तुटलं की पूर्वी खेळ खल्लास. मग १९७४ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या उजव्या हातातली एक शीर, म्हणजे टेंडन, काढून डाव्या कोपरात बसवली. यशाची शक्यता त्यांना शंभरात एक वाटत होती. टॉमी जॉन १९७६ मध्ये मैदानात परतला आणि ऑपरेशननंतर १६४ मॅच जिंकला. आज त्या ऑपरेशनलाच त्याचं नाव आहे.

ही बातमी जपानला पोहोचली, तरी शरीरावर सुरी चालवायला तिथले पिचर तयार नव्हते. लोट्टे ओरियन्सचा स्टार चोजी मुराता कोपर दुखत असतानाही फेकत राहिला, अगदी धबधब्याखाली उभं राहून साधनाही केली. शेवटी १९८३ मध्ये तो डॉ. जोब यांच्याकडेच गेला. परतल्यावर १९८५ मध्ये तो १७ मॅच जिंकला. कशा? आठवड्यातून एकदाच, बहुतेक रविवारी पिचिंग करून. विश्रांती घेणं म्हणजे आळस नाही, हे जपानी प्रेक्षकांनी दर रविवारी डोळ्यांनी बघितलं.

आता या १९९८ मध्ये, योकोहामा शहरात. इथे एकाच वर्षी दोन गोष्टी घडल्या.

पहिली ऑगस्टमधली. कोशिएन ही शाळकरी मुलांची राष्ट्रीय स्पर्धा, अख्खा देश टीव्हीसमोर बसतो. योकोहामा हायस्कूलचा दाइसुके मात्सुझाका क्वार्टर फायनलमध्ये १७ इनिंग खेळला, २५० पिच टाकले. आदल्या दिवशी १४८ टाकले होते. दुसऱ्या दिवशी सेमीफायनलमध्ये संघ हरत असताना तो पुन्हा शेवटच्या इनिंगला उतरला. त्याच्या पुढच्या दिवशी फायनलमध्ये त्याने समोरच्यांना एकही हिट दिला नाही. देश वेडा झाला.

दुसरी गोष्ट ऑक्टोबरमधली. योकोहामा बेस्टार्स हा प्रोफेशनल संघ ३८ वर्षांनी चॅम्पियन झाला. मॅनेजर कोण? हिरोशी गोंदो! खेळाडूंना तो म्हणायचा, मला मॅनेजर म्हणू नका, गोंदो-सान म्हणा. पिचरचा खांदा ही झिजणारी वस्तू आहे, असं तो मानायचा. नागेकोमीच्या तो विरोधात होता आणि मधल्या ओव्हर्स, म्हणजे आपल्या भाषेत, टाकणाऱ्या पिचरना तो आळीपाळीने वापरायचा. पावसाची वाट बघावी लागलेला माणूस आता इतरांना सुट्टी देत होता.

पण त्या वर्षी लोकांच्या मनात राहिले ते २५० पिच.

चित्र बदललं ते २०१९ मध्ये. इवाते प्रांतातल्या ओफुनातो हायस्कूलचा रोकी सासाकी, १६३ किलोमीटर वेगाने फेकणारा. शाळा कोशिएनला जाऊन ३५ वर्षं झाली होती, आता फक्त एक मॅच बाकी. सासाकीने आदल्या दिवशी १२९ पिच टाकले होते, त्याच्या थोडे दिवस आधी एका मॅचमध्ये १९४. कोच योहेई कोकुबो यांनी त्याला फायनलमध्ये उतरवलंच नाही. संघ १२-२ ने हरला. शाळेत संतापलेल्या लोकांचे फोन आले. जरा विचार करा : बाकीच्या पोरांची शेवटची संधी गेली, तीही एका मुलाच्या भविष्यासाठी. सोपा निर्णय होता का?

२०२० पासून जपानच्या शाळकरी स्पर्धांमध्ये आठवड्याला ५०० पिचची मर्यादा आली. अमेरिकेच्या लिटल लीगने तर २००७ मध्येच पिच मोजायला सुरुवात केली होती, ११-१२ वर्षांच्या मुलांना दिवसाला ८५.

आणि सासाकी? २०२२ मध्ये, विशीत, त्याने परफेक्ट गेम टाकला. १०५ पिच, समोरचा एकही खेळाडू बेसवर पोहोचला नाही. पुढच्याच मॅचमध्ये आठ इनिंग पुन्हा परफेक्ट, १०२ पिच, आणि तिथेच त्याला बाहेर काढलं. संघ होता लोट्टे. हो, मुरातावालाच.

पण मोजलं म्हणजे हात वाचलाच, असंही नाही. २०२५ मध्ये अमेरिकेत सासाकीचा खांदा दुखावला आणि तो काही महिने बाहेर बसला. मोजणं ही हमी नाही. पण गोंदोच्या वेळी मोजणारंच कोणी नव्हतं.

आता तुम्ही सांगा. कोकुबो सरांच्या जागी तुम्ही असता, तर त्या फायनलला सासाकीला उतरवलं असतं? आणि त्या संघातले बाकीचे खेळाडू असता तर? दोन्ही उत्तरं खरी खरी लिहून पाठवा. भेटूया पुढच्या भागात!