होशंगाबादची मासिक गोष्ठी

मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सहावी ते आठवीच्या मुलांना प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा उपक्रम १६ शाळांत सुरू झाला. किशोर भारती आणि रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी तो उभा केला. त्याच्या ‘बाल वैज्ञानिक’ पुस्तकांची चर्चा पुष्कळ झाली. शिक्षकांच्या मासिक गोष्ठीची त्यामानाने कमी. वर्गात कोणता प्रयोग फसला, मुलांनी काय विचारले, हे शिक्षक तिथे एकमेकांपुढे मांडत. त्यांतलेच काही पुढे इतर शिक्षकांचे प्रशिक्षक झाले. १९७८ मध्ये उपक्रम जिल्हाभर पसरला. २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. पाठ्यपुस्तक आदेशाने बदलता येते. शिक्षकाने शिक्षकाला घडवण्याची तीस वर्षांची रीत मात्र एकदा मोडली, की आदेशाने परत येत नाही.