उत्पन्न शून्य, खर्च चालू

'काडीनं मान टाकली' असं नुसतं म्हणायचा अवकाश, की सल्ल्यांची रीघ लागते. पहिला म्हणतो, पाणी घाला. दुसरा म्हणतो, पाणीच जास्त झालं असणार. तिसरा शेणात बुडवा म्हणतो, चौथा ताक शिंपडा म्हणतो. आमच्या शाखेतले एक वयस्क गृहस्थ तर काडी लावताना कुणाशी बोलू नये असं सांगतात. हा नियम ते काउंटरवर खातेदारांच्या बाबतीतही कटाक्षानं पाळतात.

मी पडलो बी.कॉम. वनस्पतिशास्त्राशी माझा संबंध मंडईपुरता. तरीही हा प्रश्न मूळचा आमच्याच खात्याचा आहे, असं माझं ठाम मत आहे. झाडाच्या संसारात पाणी मिळवून आणणारं माणूस एकच, ते म्हणजे मूळ. पानं ही घरातली खर्चिक मंडळी. दिवसभर हवेत पाण्याची वाफ उधळत बसतात. फांदी तोडली की मिळवता माणूस गेला. उधळणारे मात्र तसेच राहिले. उत्पन्न शून्य, खर्च चालू! कापलेलं टोक थोडंफार पाणी ओढतं, पण तेवढ्यानं भागत नाही. म्हणून कुंडीत बदाबदा पाणी ओतलं, तर टोक कुजतं. तेव्हा उपाय एकच : नोकरी लागेपर्यंत, म्हणजे मुळं फुटेपर्यंत, खर्च बंद.

वाचायला सोपं आहे. पण एवढी गोष्ट समजायला माणसाला फार काळ लागला आणि फार पैसे मोजावे लागले. मकावला राहणाऱ्या जॉन लिव्हिंगस्टन नावाच्या डॉक्टरानं १८१९ साली एक हिशेब मांडला. चीनमधून इंग्लंडला जहाजावरून हजार झाडं पाठवली, तर त्यांतलं जगतं एक. वर डेकवर ऊन, खारा वारा आणि लाटांचे तुषार. खाली तळघरात अंधार. खलाश्यांना गोडं पाणी स्वतःला पुरत नसे, ते झाडांना कुठून घालणार? त्या हिशेबानं जगलेलं एकेक झाड तीनशे पौंडांच्या वर पडत होतं. असं बुडीत खातं आमच्या साहेबांनी पाहिलं असतं, तर ते रजेवर गेले असते.

कोडं सुटलं ते दुसरंच काहीतरी करताना. नॅथॅनियल वॉर्ड हा लंडनच्या धुरकट पूर्व भागातला डॉक्टर. नेच्यांचा मोठा शौकीन; पण त्या धुरात एकही नेचा तग धरीना. १८२९ साली त्यानं काचेच्या बाटलीत ओलसर माती घालून तीत पतंगाचा एक कोष ठेवला आणि झाकण लावलं. पतंग बघायचा होता, उगवलं मात्र गवत आणि त्याच्या जोडीला एक नेचा! मातीतून आणि पानांतून निघालेली वाफ काचेवर जमे, थेंब होऊन परत मातीत पडे. खर्च केलेला पैसा संध्याकाळी आपल्याच खिशात! ती रोपं जवळजवळ चार वर्षं जगली. गेली ती झाकण गंजून आत पावसाचं पाणी शिरलं तेव्हा. म्हणजे 'पाणी घाला' या सल्ल्यानं त्यांचाही घात केला.

१८३३ साली वॉर्डनं अशाच दोन बंद काचपेट्या भरून सिडनीला पाठवल्या. झाडं सुखरूप पोचली. परतीच्या प्रवासात ऑस्ट्रेलियातली झाडं आठ महिने समुद्रावर राहून लंडनला ताजीतवानी उतरली. लॉडिजेस नावाचा रोपांचा व्यापारी पूर्वी वीसांतली एकोणीस झाडं वाटेत गमावत असे. तो सांगू लागला, आता वीसांतली एकोणीस जगतात. नफा-तोट्याच्या दोन बाजू एका रात्रीत अदलाबदल झालेला असा ताळेबंद मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

पुढे याच पेटीवर माणसांचे जीव अवलंबून राहिले. हिंदुस्थानात हिवतापानं माणसं मरत होती. औषध होतं क्विनीन. ते निघे सिंकोनाच्या सालीतून, आणि ते झाड दक्षिण अमेरिकेतल्या डोंगरांत. १८६० साली क्लेमंट्स मार्कहॅम पेरूमधून रोपं घेऊन निघाला. इंग्लंड, तांबडा समुद्र आणि मुंबई असं करत तो उटकमंडला पोचला. पण तांबड्या समुद्राच्या भट्टीत पेट्या तापल्या आणि उटीला पोचलेली रोपंही वाचली नाहीत. पेटी खर्च थांबवते, ऊन थांबवत नाही. उन्हात ठेवलेली काचपेटी म्हणजे पेटती शेगडीच.

त्याच वर्षी रिचर्ड स्प्रूस आणि क्यूच्या बागेतला माळी रॉबर्ट क्रॉस इक्वेडोरच्या जंगलात लाल सालीच्या सिंकोनाच्या काड्या लावत होते. स्प्रूसला त्याच साली पक्षाघातासारखं दुखणं जडलेलं. पाठ आणि पाय निकामी. त्या स्थितीत त्यानं क्रॉसबरोबर पेट्या तराफ्यावर चढवल्या. नदीला पूर, तराफा काठच्या झाडांवर आपटत, फांद्यांत अडकत समुद्राकडे गेला. सहाशेच्या वर रोपं क्रॉसच्या हवाली झाली. त्यांतली साडेचारशेच्या वर एप्रिल १८६१ मध्ये निलगिरीत जिवंत उतरली. तिथे मॅकआयव्हर या बागप्रमुखानं काड्यांवर काड्या लावून काही वर्षांत रोपांची संख्या लाखांत नेली. आपल्या महाबळेश्वराला लिंगमळ्यातही सिंकोना लावून पाहिला. तो काही तगला नाही. पण १८९२ पासून बंगालात पोस्टाच्या खिडकीवर एका पैशाला क्विनीनची पुडी मिळू लागली. ज्या डोंगरांतून ही झाडं आली, तिथल्या लोकांच्या खात्यावर मात्र काहीच जमा झालं नाही, हेही वहीत नोंदवून ठेवलेलं बरं.

आता आमच्या सौ.कडे काचपेटी नाही. लोणच्याची रिकामी बरणी आहे. गेल्या वर्षी कोकणातलं माझ्या आजोळचं घर विकलं गेलं. घेणाऱ्याला अंगणात मोटार उभी करायची होती, म्हणजे आजीनं लावलेला अनंत जाणार. काडीवर येतं ते दुसरं झाड नव्हे, तेच झाड. म्हणून सौ.नं सकाळच्या गारव्यात चार काड्या पेराखाली कापल्या, कळ्या खुडल्या, वरची दोन पानं ठेवून तीही अर्धी छाटली आणि ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून एस.टी.त मांडीवर घेतल्या. घरी येईतो चौघींनीही माना टाकलेल्या. मी दुखवट्याचा चेहरा केला. ती म्हणाली, "अहो, वाळल्यात कुठे? नुसत्या दमल्यात." तिनं टोकं पाण्याखाली धरून नव्यानं कापली, कारण कापल्यावर आत हवा शिरली की पाण्याची वाट अडते. मग काड्या तासभर गार पाण्यात सावलीला पडून राहिल्या आणि मानेत जोर आला. नंतर ओलसर वाळू, वर बरणी उपडी. पान चुरचुरीत झालं असतं, तर ब्रह्मदेवालाही जमलं नसतं. दोन कुजल्या, दोघींनी जीव धरला. बरणीसुद्धा एकदम काढली नाही; रोज थोडी थोडी उचलली. नव्या नोकरदारावर पहिल्याच महिन्यात सगळं घर टाकू नये.

राहता राहिला स्प्रूस. त्याची आयुष्यभराची पुंजी ग्वायाकिलच्या एका पेढीत होती. रोपं निलगिरीत रुजली त्याच १८६१ साली ती पेढी बुडाली. माणूस आजारी, मिळकत तुटलेली. १८६५ साली सरकारनं वर्षाला पन्नास पौंड पेन्शन दिली. आणखी पन्नास मिळायला १८७७ उजाडलं. तोवर यॉर्कशरमधल्या एका खेड्यात त्यानं छोटंसं घर धरलं होतं. तिथेच तो ओलाव्यात वाढणाऱ्या बारक्या वनस्पतींचा अभ्यास करत बसला, मोठा ग्रंथ लिहिला आणि १८९३ पर्यंत जगला. तेवढ्या पेन्शनीत त्यानं कसं भागवलं, ते विचारायला नको. काड्या जगवून जगवून त्याला ते चांगलंच कळलेलं होतं.